पाणी मानवत नाही म्हणे

माझ्या तहानेबद्दल या घरात आणि या इमारतीत जेवढी बडबड झाली, तेवढं पाणी काही मी प्यायलेली नाही. आता तीच बडबड माझ्या मुलीबद्दल सुरू झाली आहे. ती अजून सहावीत आहे. माझ्या वेळी मी सगळं ऐकून घेतलं. तिच्या वेळी ऐकून घेणार नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आम्ही विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात राहतो. सासर मूळचं साताऱ्याकडचं. घरात सकाळी चपाती, रात्री चपाती, आणि भात म्हणजे शेवटी ताटात पडणारा ढेकळाएवढा गोळा. माझं माहेर अर्नाळ्याच्या अलीकडे, केळीच्या वाडीत. तिथे भात, तांदळाची भाकरी आणि मासळी. लग्नानंतर मला कुणी जबरदस्तीनं चपाती भरवली असं नाही. या घरात जे शिजतं ते मी खाऊ लागले, बायका खातात तसं.

दोन-तीन वर्षांपूर्वी तोंड कोरडं पडायला लागलं. सकाळी उठल्यावर जीभ टाळूला चिकटलेली असायची. मी शाळेत शिकवते. कविता म्हणून दाखवताना मधेच आवाज बसायचा आणि पोरं खुसूखुसू हसायची. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचायचं. चपातीचा घास तोंडात नुसता फिरत राहायचा, पाण्याच्या घोटाशिवाय खाली उतरायचा नाही. अधूनमधून पोट बिघडून जुलाब व्हायचे, पण ते मी कुणाला सांगायची नाही. सांगितलं असतं तर बाहेरची पाणीपुरी खाल्ली असणार म्हणून मोकळे झाले असते.

तहान मात्र लपत नाही. आमच्याकडे पाणी टँकरचं. टँकर आला नाही की इमारतीतली माणसं एकमेकांशी नीट बोलत नाहीत. अशा ठिकाणी तुम्हाला सतत तहान लागत असेल तर तो आजार नसतो, तो गुन्हा असतो. सासूबाई उकळलेल्या पाण्याच्या पिंपावर पहारा ठेवून असायच्या. "अगं, पाण्यावरच जगतीस का काय?" असं त्या हसत हसत म्हणायच्या, पण हसण्याच्या आड हिशेब असायचा, तो मला कळायचा. मग मी शाळेतच पोटभर पाणी पिऊन घरी यायची.

जो तो एकच विचारी, "शुगर तपासलीस का?" तपासली. नव्हती. पुन्हा तपासली. तेव्हाही नव्हती. आमच्या कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका, या वयात बायकांना होतं असं. मला अजून चाळिशी लागायची होती. शुगर नाही म्हटल्यावर माणसांनी गप्प बसायला हवं की नाही? पण नाही. आत्ता नसली तरी येणार असेल, म्हणून भात बंद करा, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. शेजारीण, मामेसासरे, शाळेतल्या बाई, सगळे या एका गोष्टीवर एकमत. भात वाईट, चपाती चांगली. अशक्तपणा दिसतो म्हणून सासूबाईंनी वरून गव्हाची खीर सुरू केली. प्रेमानं केली हो, खोटं कशाला बोलू. पण त्या खिरीची आठवण झाली तरी आजही माझं डोकं तापतं.

माहेरी गेले की मात्र चार दिवसांत मी माणसात यायची. आई असल्या शहाणपणाला भीक घालत नाही. माझ्या ताटात भात वाढायची आणि म्हणायची, "जेव गपचूप. भात खाऊन कोन मेलाय काय?" वाडीतल्या विहिरीचं गार पाणी एक पेला प्यायले की पुरे व्हायचं. पोट शांत, डोळे शांत. घरी परतले की आठवड्याभरात पुन्हा तेच.

आता या गोष्टीतून कुठल्याही शहाण्या माणसानं काय अर्थ काढला असता? आमच्या माणसांनी काढला तो असा: हिला इकडचं पाणी मानवत नाही. झालं. एकदा पाण्याला नाव ठेवलं की पुढे विचार करायची गरजच उरली नाही. आणि पाण्यावर विश्वास बसायला सगळी कारणं हजर होती. टँकरच्या पाण्याला वास येतो, भांड्यांवर पांढरे डाग पडतात, हे कोण नाकारणार?

मग सुरू झाली कॅनची कथा. नवरा दर रविवारी स्कूटरवर दोन कॅन बांधून माझ्या माहेरच्या विहिरीचं पाणी आणू लागला. जिन्यात लोक विचारायचे, हे काय? मग तेही एखादी बाटली मागू लागले. मी ते गोड पाणी प्यायची, आणि सोबत काय खायची? चपाती. सुकी भाजी आणि चपाती. तहान जशीच्या तशी. तर म्हणे प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पाण्याचा गुण जातो. म्हणून तांब्याचा हंडा आणला. हंडा घासून घासून माझे हात काळे झाले. पाणी बदललं, भांडं बदललं, ताट बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि शेवटी सगळे उपाय संपल्यावर निदान झालं की मी नाटक करते, मला माहेरी जायला निमित्त हवं असतं.

माझी सुटका दाताच्या डॉक्टरांनी केली. दाढ भरायला गेले होते. तोंडात आरसा घालून त्या म्हणाल्या, "तुमची लाळ नीट सुटतच नाहीये. किती दिवस असं?" इतक्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदा "किती पाणी पिता" न विचारता "किती दिवस" असं विचारलं. मी त्या खुर्चीत रडले. त्यांनी पोटाचं विचारलं, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही का ते विचारलं, आणि पोटविकाराच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. तिथे रक्त तपासलं, मग नळी घालून आतड्याचा तुकडा तपासला. सीलिॲक. गव्हातलं एक प्रथिन माझ्या शरीराला चालत नाही, त्यानं आतडं सोलवटून निघतं. जुलाबांनी अंगातलं पाणी जातं. तोंडाचा आणि डोळ्यांचा कोरडेपणाही काहींना या आजारासोबत येतो. प्रत्येक तहान गव्हामुळे नसते, असं त्या डॉक्टरांनी बजावलं. पण आधीच्या कुणाला एकदा तपासून बघायला काय हरकत होती?

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "गव्हानं कुणी आजारी पडतं का? अख्खा मुलूख खातो की." गहू सोडला आणि काही महिन्यांत मी बरी झाले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. तरी सत्यनारायणाचा शिरा माझ्यापुढे येतोच. प्रसादाला नाही म्हणू नये, एवढ्याशा शिऱ्यानं काय होतंय. हिंगातसुद्धा कणीक असते म्हणून मी वेगळा हिंग आणते, तर तो माझा नवा थाट ठरतो.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की हा आजार मुलांतही उतरू शकतो, मुलीचं रक्त तपासून घ्या. आणि एक सांगितलं होतं: तपासणी होईपर्यंत तिचा गहू बंद करू नका, नाहीतर रिपोर्ट फसवा येईल. आता बघा काय झालं ते. आधी तिची परीक्षा होती. मग गौरी-गणपती. मग तिच्या चुलत आत्याचं लग्न ठरलं. "कशाला आत्तापासून टोचायचं तिला," नवरा म्हणाला. "पोरीच्या जातीला कसला शिक्का लावतीस," सासूबाई म्हणाल्या. ते तारीख पुढे ढकलत राहिले आणि मी रोज सकाळी माझ्या हातानं मुलीच्या डब्यात चपाती ठेवत राहिले. मी कदाचित तिचा आजारच डब्यात भरतेय, हे मला कळत होतं. डब्याचं झाकण लावताना रोज वाटायचं, हा डबा भिंतीवर फेकून मारावा.

आणि गेल्या काही आठवड्यांत ती घरी येताना बाटली रिकामी आणू लागली. ओठ सुकलेले. "आईवर गेलीय," सासूबाई शेजारणीला म्हणाल्या. "हिलापण पाणी मानवत नाही बघा."

काल रविवार होता. पाहुणे आले होते, लग्नाच्या साड्या दाखवणं चाललं होतं. मुलगी बाथरूममध्ये गेली ती बराच वेळ बाहेर येईना. मी दार ढकललं. ती बादलीपाशी उकिडवी बसून मगानं पाणी पीत होती. टँकरचं, अंघोळीचं पाणी.

"अगं, हे काय?"

"आजी बघते किती वेळा घेते ते," ती म्हणाली. "परत सगळ्यांसमोर म्हणते, आईचं नाटक शिकली."

मी तिचा हात धरून तिला बाहेर आणलं. साड्यांच्या मधून वाट काढत पिंपापाशी गेले, मोठा पेला भरला आणि सगळ्यांसमोर तिच्या हातात दिला. मग सासूबाईंना म्हणाले, "आई, उद्या सकाळी तिचं रक्त द्यायला जाणार आहे."

"लग्न झालं की बघू की. आणि काही निघालं म्हणजे?"

"निघालं तर भात खाईल."

पाहुण्या साडीची घडी घालत बसल्या. नवरा खाली मान घालून म्हणाला, "मी येतो सोबत." मी त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

आज सकाळी रक्त देऊन आलो. सुईला ती घाबरली नाही. रिपोर्टमध्ये काय येईल ते मला माहीत नाही, आणि काही नसावं असं मला मनापासून वाटतं. पण काल पिंपापाशी तिनं तो पेला एका दमात संपवला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि मला अगदी हळू विचारलं, "अजून घेऊ का?" स्वतःच्या घरात, पाण्यासाठी. मी पेला पुन्हा काठोकाठ भरला. रिपोर्ट काहीही येवो, माझा हा राग मी उतरू देणार नाही.