बाबांनी न वाचता पोचवलेलं

माझ्या बाबांनी चौतीस वर्षं टपाल वाटलं आणि एकही पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही. दुसऱ्याचं पत्र वाचणं त्यांच्या लेखी चोरीच. पोस्टकार्डसुद्धा ते पत्त्याची बाजू वर धरून न्यायचे. वस्तीत त्यांच्या शब्दाला मान होता, आणि तो त्यांनी पायपीट करून मिळवला होता.

निवृत्तीनंतर माझ्या मुलाने त्यांना मोबाइल दिला आणि त्यांची नोकरी जणू परत सुरू झाली. सकाळी अंघोळ करून, चष्मा पुसून खुर्चीत बसायचं आणि आलेला प्रत्येक मेसेज न वाचता सगळ्या ग्रुपांवर धाडायचा. "आलेलं अडवून ठेवायचं नसतं," म्हणायचे. लोकही म्हणायचे, टपालकाकांकडून आलंय म्हणजे खरंच असणार. मी कौतुकाने हसायचे. अक्कल गहाण टाकली होती मी.

निवडणुकीच्या आधी मी चौथीच्या मुलांना मतदान शिकवलं. फळ्यावर पेन्सिल आणि खोडरबर काढलं, मुलांनी चिठ्ठ्या टाकल्या, खोडरबर जिंकलं. कुणीतरी खिडकीतून माझा फोटो काढला. तीन दिवसांनी मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून त्यांचा फोन समोर धरला. फोटोखाली लिहिलं होतं, ही बाई कोवळ्या मुलांना सरकारविरुद्ध भडकवते.

"चौकशी होईपर्यंत घरी बसा," त्या म्हणाल्या. "चार पालक येऊन गेले. चौघांनाही हा मेसेज टपालकाकांकडूनच आलाय. सख्खा बाप उगाच पाठवेल का, असं विचारतात. काय सांगू त्यांना?"

घरी आले तर मुलगा व्हिडिओ सरकवत पडला होता. त्याचं सगळं राजकारण अर्ध्या मिनिटाचं. मान वर न करता म्हणाला, "सगळेच खोटं बोलतात गं आई. दोन दिवसांत विसरतील लोक."

मी बाबांच्या हातात त्यांचाच फोन दिला. "हे तुम्ही पाठवलंय. आता वाचा."

ओळीखाली बोट धरून त्यांनी सगळं वाचलं. फोटोवर थांबले, पुन्हा वाचलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होते. नोकरी गेली असती तरी मी सोसलं असतं. त्यांनी फक्त एकदा म्हणायला हवं होतं, माझी पोर असं करणार नाही.

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"पण एवढ्या लोकांकडून आलंय," ते म्हणाले. "तू काहीतरी बोलली असशीलच ना?"