पंख्याचा पॉइंट

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा साहेब आले, फायली आल्या, आमच्यासारखे कारकून आले. खोल्या मात्र होत्या तेवढ्याच. घरमालकांनी गोठ्यावर पत्रे टाकले, मधे विटांची भिंत घातली आणि तोंडाला येईल ते भाडं सांगू लागले. मी नांदेडहून बदलून आलेली एकटी बाई. बोलणं आडनावापर्यंत आलं की बहुतेक घरांत नेमके पाहुणे येणार असायचे. एका मालकांनी तेवढं आडनाव विचारलं नाही. विचारलं ते, "पॉइंट किती लागतील?"

मीटर सगळ्या भाडेकरूंचं मिळून एकच, मालकांच्या ओसरीत. बिल ते भरणार. आपण दर महिन्याला दिव्याच्या पॉइंटचे ठरलेले पैसे द्यायचे, पंखा असेल तर त्याचे वेगळे. वापरा नाहीतर बंद ठेवा, पैसे तेवढेच. मला ते सोयीचंच वाटलं.

त्याच उन्हाळ्यात लोह्याकडं आमच्या गावची विहीर आटली. आईला दमा. टँकरपुढं घागर घेऊन उभं राहणं तिला झेपेना, म्हणून तिला घेऊन आले. लातुरातही पाण्याची बोंबच होती, पण निदान हौद दारात होता. पत्र्याखाली दुपारी जीव शिजून निघायचा. मी टेबलफॅन आणला, पंख्याच्या पॉइंटचे पैसे आगाऊ दिले. आई पंख्यापुढं बसली आणि म्हणाली, "आता कुठं दम खाली बसून राहिला बघ." मला लई बरं वाटलं.

एकदा ऑफिसातून दुपारीच घरी आले, तर पंखा बंद. आई उंबऱ्यात बसून ओल्या फडक्यानं गळा पुसत होती. धाप एवढी, की बोलता येईना. लाईट गेली म्हणावं, तर शेजारी रेडिओ चालू. मी भडकले.

"आई, पैसे भरलेत आपण. फिरला काय, न फिरला काय, तेवढेच जातात. कुणासाठी वाचवतेस?"

"तुझे तेवढेच जातात गं," आई थांबत थांबत म्हणाली. "त्यांचं युनिट वाढून राहिलंय न्हवं. युनिट जास्ती झाले की दर वाढतो, मीटर वरच्या दरात गेलं म्हणत होते मालक. पंखा दिवसभर चालणार आसंल तर पोरीला दुसरी खोली बघाया सांगा म्हणले. तू कुठं जाशील?"

म्हणजे मी ऑफिसला गेले की आई पंखा बंद करायची आणि माझी चाहूल लागली की लावायची. कधीपासून, ते तिनं सांगितलं नाही.

मी तशीच ओसरीत गेले. म्हटलं, "वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. आणि मीटर वर चढतं ते सगळ्यांच्या वापरानं. मग खापर माझ्या आईच्याच पंख्यावर का?"

मालक शांतपणे पान लावत होते. "बाई, तुम्ही सगळ्यात शेवटी आलात. मग वरची युनिटं कुणाची? तुमचीच."

"मग मला वेगळं मीटर घेऊ द्या. मी भरते माझं बिल."

"त्याला माझी सही लागते," ते म्हणाले. "मीटर तुमच्या नावावर झालं, की उद्या खोलीवरही हक्क सांगाल."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पुढं कितीतरी संध्याकाळी गावभर खोल्या बघितल्या. सगळीकडं परत तेच आडनाव आणि तेच पाहुणे. नोकरी सोडावी तर घरात कमावणारी मीच. रागानं रडू यायचं, पण आईपुढं रडायची सोय नव्हती.

आईनं एका सकाळी गाठोडं बांधलं. "गावात लिंबाखाली तरी बसंन," म्हणाली. मी थांब म्हटलं, पण जोर लावून म्हणता आलं नाही. लोह्याच्या गाडीत तिला बसवून दिलं.

परत आले तर मालक दारातच. "आई गेल्या वाटतं? लावत जा की आता पंखा, एकटीला कितीसा लागतोय."

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी पंखा फुल्लवर सोडायची, दाराला कुलूप घालायची आणि ऑफिसला जायची. आता खोलीतून काढलंच, तर मी एकटीच होते. संध्याकाळी कुलूप काढलं की आई बसायची त्या जागेवर पंख्याचा वारा चालूच असायचा.