उतरलेलं पोट

कुणी वजन उतरल्याचं कौतुकानं सांगितलं, की आजही मी घाईनं विषय बदलते. ‘उतरलं’ हा शब्दच मला नकोसा झाला आहे.

रायपूर राजधानी झालं तेव्हा बाबा सरकारी कचेरीत बाबू होते. नवं राज्य, नव्या फायली, नव्या खुर्च्या. शहरात इमारती उठायच्या आधी राजधानी बाबांच्या पोटावर वसली. दुपारी कचोरी, संध्याकाळी समोसा आणि रात्री आईच्या हातच्या मऊसूत पोळ्या. आईला त्या पोळ्यांचा भारी अभिमान. दळण आलं की गोलबाजारातून आणलेल्या बारीक चाळणीनं ती पीठ चाळायची, आणि कोंडा आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात दारावर येणाऱ्या गाईला घालायची.

मग बाबांचं पोट साफ होईना. डॉक्टर म्हणाले, पिठातला चोकर, म्हणजे कोंडा, काढू नका, पालेभाज्या खा, पाणी भरपूर प्या, चाला. आईला आधी ते पटेना. जन्मभर गाईला घातलं ते नवऱ्याच्या ताटात कसं वाढायचं? पण एकदा पटल्यावर तिला आवरणं कठीण झालं. चाळणी खिळ्याला टांगली गेली आणि कणकेत वरून विकतचा कोंडाही पडू लागला. पोळ्या खरखरीत झाल्या. बाबा दारातल्या गाईला म्हणायचे, तुझा वाटा मी खातोय, माफ कर बाई.

गुण आला, हे मात्र खरं. पोट साफ होऊ लागलं, कुरकुर थांबली. बाबा बुढापाऱ्याच्या तळ्यापर्यंत फेरी मारून यायला लागले. मग पोटही उतरलं आणि आईला आभाळ ठेंगणं झालं. ती मशीनवर बसून बाबांच्या पँटी कमरेत आत घ्यायची. आधी बोटभर, काही दिवसांनी आणखी थोडी. बाबा जेवण अर्धं टाकून उठायला लागले, तेव्हा कोंड्यानं पोट भरल्यासारखं वाटतं, असं तिनंच आम्हाला समजावलं.

शेजारी एक छत्तीसगढी बाई राहायच्या. एकदा बाबांना जिन्यात टेकून उभे राहिलेले पाहून त्या आईला म्हणाल्या, “भैया तो एकदम उतर गए हैं, दीदी.” त्यांच्या आवाजात काळजी होती. चेहरा उतरला, माणूस खंगला, असं त्यांना म्हणायचं होतं. आईला त्यात फक्त पोट ऐकू आलं.

“उतरेंगे ही,” ती खुशीत म्हणाली, “चोकर खिलाती हूँ.”

वरून तिनं त्यांनाही चाळणी टांगून ठेवायला सांगितलं.

बाबांच्या आतड्यात गाठ होती. ती सापडली तेव्हा फार उशीर झाला होता आणि पुढचा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही.

तेरवी झाल्यावर आईनं चाळणी खाली काढली. एकदा चाळलेलं पीठ ती पुन्हा चाळायची. तो सरसर आवाज घरभर फिरायचा आणि मला स्वयंपाकघरात जायची भीती वाटायची. एका सकाळी तिनं मान वर न करता विचारलं, “माह्या कोंड्यानंच आतडं घासलं काय वं?”

मी त्याच दिवशी डॉक्टरांकडं गेले. परतताना जवळजवळ पळतच आले, कारण मी तिची सुटका घेऊन येत होते. तिला सांगितलं, कोंड्यानं काही केलं नाही. उलट पोट साफ ठेवलं, त्यांना आरामच दिला. कोंडा, भाज्या खाऊन माणूस थोडं कमी जेवतो, वजन जरासं कमी होतं, तेही हळूहळू. बाबांचं जे गेलं ते कोंड्यानं नाही, आजारानं.

तिचा हात चाळणीवर थांबला.

“मंग मी पँटी काहून आत घेऊन राहिली होती?”

तिचा एक घोर उतरवायला गेले आणि दुसरा तिच्या मांडीवर ठेवला.

दुपारी तिनं सगळ्या पँटी काढल्या आणि ब्लेडनं कमरेची शिवण उसवत बसली. राजधानी आली तेव्हा होती तेवढी कंबर झाल्यावर इस्त्री करून त्या परत टांगल्या. त्या अजून तिथंच आहेत. कपाट उघडलं की आधी पोट सुटलेले बाबा दिसतात, आणि मग कापडावर सुईच्या भोकांच्या ओळी दिसतात, एकीच्या आत एक, आईनं हौसेनं घातलेल्या.