जुनी सर्दी

माझ्या भावाचं रक्त वाहू लागलं की लवकर थांबत नाही. आमच्या मुरबे या मासेमारीच्या गावात घरोघरी विळी आणि कोयता असतो, टोपलीतल्या शिंगाळा माशाचा काटा कधी कोणाच्या हातात घुसेल याचा नेम नसतो. अशा ठिकाणी हा मुलगा वाढवणं आईला किती जड गेलं ते तिलाच ठाऊक. हिमोफिलिया हा शब्द आम्हाला भाऊ तीन वर्षांचा असताना डॉक्टरांकडून कळला. आईचा धाकटा भाऊ दुधाचा दात पडल्याचं निमित्त होऊन गेला होता, तेव्हा घराला नजर लागली असं ठरवून सगळे मोकळे झाले होते. हा आजार आईकडून मुलाला येतो हे समजलं त्या दिवशी आई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पदर खोचला आणि पोराला उंबऱ्याच्या आत ठेवलं.

भाऊ आता सव्वीस वर्षांचा आहे. सांध्यात पुन्हा पुन्हा रक्त उतरून त्याचा डावा गुडघा आखडला आहे. शाळा नावापुरतीच झाली. तो गावातल्या होड्यांची फाटकी जाळी सांधून देतो आणि रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरची सुई घ्यायला पालघरला जातो. कधी साठा संपलेला असतो, मग पुढचे चार दिवस आई त्याला भाजीसुद्धा चिरू देत नाही. मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नमुने तपासते. त्यामुळे आजारपणाच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द माझा, आणि तो मी जरा ऐटीतच उच्चारते.

मुंबईच्या एका इस्पितळात जनुकोपचाराची चाचणी होणार असल्याचं मलाच कळलं. आम्ही तिघं गेलो. तिथल्या डॉक्टरांनी फार सोपं करून सांगितलं. एक निरुपद्रवी विषाणू घ्यायचा, त्याच्या आतलं त्याचं स्वतःचं सामान काढून टाकायचं आणि तिथे फॅक्टर बनवणारं जनुक भरायचं. यकृताच्या पेशीत शिरण्याची वाट त्याला माहीत असतेच. तो जनुक पोचवतो आणि यकृत स्वतः फॅक्टर बनवू लागतं. औषध एकदाच द्यायचं, सलाईनसारखं. जमलं तर वर्षानुवर्षं सुई नाही.

"म्हंजे होडी त्याची, माल आपला," भाऊ म्हणाला. डॉक्टर मनापासून हसले.

"पन येनार तो आजारच ना?" आईने विचारलं. करोनात शेजारची दोन माणसं गेलेली तिने पाहिली होती. विषाणू औषध घेऊन येतो हे तिच्या गळी उतरवायला डॉक्टरांना अर्धा तास लागला.

मग त्यांनी अट सांगितली. हा विषाणू निसर्गातही असतो. त्याने माणूस आजारी पडत नाही, पण एखाद्या साध्या सर्दीबरोबर तो अंगात येऊन जातो, बहुतेकदा लहानपणीच. तसा तो येऊन गेला असेल तर शरीरात त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार असतात. मग औषध म्हणून सोडलेल्या विषाणूला शरीर शत्रू समजतं आणि यकृतापर्यंत पोचूच देत नाही. भावाच्या रक्तात अशा अँटीबॉडी असल्या तर त्याला चाचणीत घेता येणार नव्हतं. महिन्याभराने रक्त तपासायला बोलावलं.

आईने यातलं एवढंच उचललं, की पोराला सर्दी होता कामा नये. तो महिना आमचं घर बंद होतं. जाळी घेऊन येणाऱ्या खलाशांना अंगणाच्या बाहेर थांबवलं. भावाचं ताट-तांब्या वेगळं केलं. मी कामावरून आले की आधी मोरीत, अंघोळ केल्याशिवाय त्याच्याशी बोलायचं नाही. ही धडपड फुकट आहे हे मला कळत होतं, कारण शरीराची त्या विषाणूशी ओळख व्हायची ती लहानपणीच होऊन गेलेली असणार. पण मी बोलले नाही. आईच्या हाताला काहीतरी काम हवं होतं, असं मी स्वतःला सांगायचे. खरं कारण वेगळं होतं. तो विषय निघाला असता तर 'लहानपणी म्हंजे कधी?' असं तिने विचारलं असतं.

भाऊ मात्र त्या महिन्यात खुशीत होता. बोटीवर जायला खलाशाला कोणतं कार्ड लागतं, ते कुठे मिळतं, हे त्याने मला दोनदा विचारलं. आजवर त्याने मला पुढच्या वर्षाबद्दल काही विचारल्याचं आठवत नाही.

महिना संपल्यावर भाऊ रक्त देऊन आला, आणि इस्पितळातून फोन आला तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत होते. अँटीबॉडी होत्या, आणि भरपूर होत्या. त्याला घेता येणार नव्हतं. मी डबा तसाच बंद केला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घर गाठलं. दारातच सांगून टाकलं. भाऊ जाळं मांडीवर घेऊन बसला होता.

आई माझ्यावर तुटून पडली. "तूच आनलंस त्या कंपनीतून! शंभर मानसांत बसतेस, आनि घरात येतेस!"

"आय, हे आताचं नाय. लहानपनीचं हाय."

"लहानपनी त्याला मी कुटं सोडला होता? घराबाहेर पाय टाकला नाय त्याने!"

"मी न्यायची त्याला," मी म्हणाले.

वीस वर्षं गिळलेलं एकदाचं बाहेर पडलं. आई सकाळी मासळीची टोपली घेऊन बाजाराला जायची. मी अकराची, तो सहाचा. तो खिडकीत बसून बाहेरच्या पोरांकडे बघत राहायचा, ते मला बघवत नसे. सुट्टीत मी त्याला पाठुंगळी घेऊन किनाऱ्यावर न्यायची, जिथे बोंबील वाळत घातलेले असतात तिथे. तिथे सगळी शेंबडी पोरं जमलेली. मी त्याला पळू देत नसे, पण त्यांच्यात बसवायची. त्यांच्याच पेल्यातून तो पाणी प्यायचा. एकदा आठवडाभर शिंकत होता. आईला मी सांगितलं, घर झाडताना धूळ उडाली.

हा विषाणू माझ्याच शाळेतून आला असेल, आईच्या बाजारातून आला असेल, नक्की कोणीच सांगू शकणार नाही. हे मला प्रयोगशाळेत कळतं. घरात कळत नाही.

आई खाली बसली. खाली बघतच म्हणाली, "मला ठाव होतं."

"काय?"

"तुमी जायचात ते. त्याच्या बोटांत वाळू असायची. आंगाला बोंबलाचा वास. बोलली असती तर बंद करावं लागलं असतं." मग डोळे पुसत म्हणाली, "माझीच चूक. आय मी होते."

"नाय आय, माझी."

"तू पोर होतीस. माझी."

"गप बसा!"

भावाचा एवढा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्याने जाळं बाजूला भिरकावलं.

"कवापासून दोघी तुजी चूक, माजी चूक करताय. गेलंय ते माजं गेलंय. तुमचं नाय. मला जरा रडू तरी द्या."

आणि तो रडायला लागला, तोंड उघडून, लहान पोर रडतं तसा. आई सवयीने उठली आणि मीही उठले. जोरात रडला तर नाकातून रक्त सुटेल, या भीतीने आम्ही त्याला जन्मभर रडूच दिलं नव्हतं. रडण्याआधीच गप्प करायचो. मी आईचा हात धरला. ती खाली बसली. त्याचं रडणं आपोआप थांबेपर्यंत आम्ही दोघी त्याच्याजवळ बसून राहिलो.