दोन सुयांवरचे टाके

पेणच्या एका प्रसूतिगृहातल्या आयाबाई विणकामाचे टाके मोजत मोजतच बोलायच्या. तिथे बाळांना पांघरुणं मिळत नव्हती. मी निषेधाचं पत्रक घेऊन सह्या मागत फिरत होते आणि या बाई लोकरीच्या टोप्या विणत होत्या! "तुमच्या टोप्यांमुळे मालकांचं फावतं," मी तोंडावर सुनावलं.

"व्हय गो. बारा, तेरा. उद्या धरमतरची बाई पोर घेऊन उघड्या टेम्पोतनं घरी जायची हाय. त्याची टोपी तू विण."

मी टाके घातले. त्यांनी काठ ताणून पाहिला, तो घट्ट निघाला, तसा सगळा उसवला. "राग लोकरीवर नाय काढायचा. पोराच्या कपाळावर वळ उठंल." मग दोन सुया एकत्र धरून त्यांवर टाके घालायला लावले आणि शेवटी एक सुई ओढून काढली. काठ सैल राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी टोपी झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर अलगद बसली. आयाबाईंनी माझं पत्रक मागून घेतलं आणि सही केली. तिथल्या नोकरांपैकी कुणाची ती पहिलीच सही.

"नोकरी जाईल तुमची," मीच घाबरून म्हणाले.

"गेली तर आणखी टोप्या होतील," त्यांनी सुया उचलल्या. "चौदा."