मिंगोची जमीन आणि दोन अध्यक्ष

ओगीची नावाच्या नदीच्या काठच्या भातखाचरांत मिंगो तीस वर्षं पाण्याच्या दारांवर होता. भरतीला नदीचं पाणी आत घ्यायचं, ओहोटीला सोडायचं. समुद्र जवळ. कधी भरतीबरोबर खारं पाणी वर चढतं आणि कोवळे कोंब जाळून टाकतं. म्हणून दार उघडण्याआधी तो ओंजळभर पाणी चाखायचा. तीस वर्षांत एक वाफा खारवला नाही. आणि तेव्हा तो गुलाम होता.

गुलामी मोडणारी यादवी संपत आली तेव्हा, दोघांतल्या पहिल्या अध्यक्षाच्या राज्यात, पळालेल्या मालकाच्या त्या खाचरांतली चाळीस एकर सैन्यानं त्याला कागद करून दिली. लढाईत फुटलेला दोनशे हात बांध त्यानं आणि बायको बाइनानं पुढच्या हिवाळ्यात, गुडघाभर चिखलात उभं राहून भरून काढला.

तोवर पहिल्याला कुणी गोळी घातली होती. नव्या अध्यक्षाच्या दारात यादवीत हरलेल्या बंडखोर मालकांची रांग लागली. जुना मालक ट्रेडवेही वॉशिंग्टनला जाऊन गयावया करून आला. माफी मिळाली, वर जमीनही. पहिल्यानं कसणाऱ्याला दिली, दुसऱ्यानं नाक घासणाऱ्याला. याला म्हणे देश उभारणं. एक सही करायची. घमेलंभर चिखलही उचलायला नको.

वसंतात कोंब वर आले तेव्हा ट्रेडवे त्याच सैन्याच्या एका कॅप्टनला घेऊन बांधावर आला.

"मिंगो, करारावर अंगठा कर. मजूर म्हणून राहा, नाहीतर घर रिकामं कर," कॅप्टन म्हणाला. "अध्यक्षांनी सगळं माफ केलंय. तूही विसर."

"फटके मी खाल्ले, साहेब. माफ त्यांनी कसं केलं?"

"अहो, पाठ दाखवा त्यांना," बाइना म्हणाली. "किती माफ केलं, ते अध्यक्षांना मोजून तरी सांगतील."

ट्रेडवे लालबुंद झाला. भरती चढत होती. "दार उघड!" तो ओरडला.

मिंगोनं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. "खारं आहे. आज नको."

"लबाडा! जमीन सुटत नाही म्हणून थापा मारतोस?"

"खारं आहे," मिंगो पुन्हा म्हणाला.

ट्रेडवेनं स्वतःच दार वर ओढलं. पाणी मिंगोच्या कोंबांवर पसरलं. दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा सांगणं मजुराचं काम, आणि करारावर त्यानं अंगठा केला नव्हता.

त्याच दिवशी त्यांनी बिऱ्हाड हलवलं. पुढची अकरा वर्षं मिंगोनं सव्हाना बंदराच्या धक्क्यावर पोती वाहिली. त्यातल्या पहिल्याच शरदात ट्रेडवेचा माणूस धक्क्यावर आला.

"काका, सगळं पीक खारवून जळालं. मालक म्हणतात परत या. म्हणाल ती मजुरी."

"जमीन देतोय?"

"ती कशी देतील?"

"मग बाजूला हो. वाट अडवतोयस."