डोळ्यांचं म्हणून सांगितलेलं ऑपरेशन

मला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला होता, हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली. पोटाचा असता तर चारचौघांत सांगितलं असतं. पण ही जागाच अशी की डॉक्टरांसमोरसुद्धा मी "तो प्रॉब्लेम" म्हणायचो.

गाठ लहान होती, एकाच बाजूला होती. डॉक्टर म्हणाले, प्रकाशाचा उपचार करता येईल. शिरेतून औषध द्यायचं, मग बारीक सुयांतून लेझरचा उजेड थेट गाठीपर्यंत न्यायचा. उजेड पडला की औषध जागं होतं आणि तेवढीच जागा मारतं. उपचार नवा आहे, पुढे तपासण्या करत राहाव्या लागतील, पण लघवीवरचा ताबा आणि बाकीचं सगळं शाबूत राहण्याची शक्यता जास्त. 'बाकीचं' ऐकलं आणि मी लगेच सही केली. निघताना ते म्हणाले, "भाई हैं? उनको बोलिए, खून की जाँच करा लें. ये घर में चलता है." मी मान डोलावली.

उपचारानंतर दोन दिवस ऊन नको, लख्ख दिवा नको, डोळ्यांवर काळा चष्मा. आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. इथे जिन्यात शिंकलं की ऑफिसच्या सेक्शनमध्ये तब्येतीची चौकशी होते. मी रजेच्या अर्जात लिहून टाकलं, डोळ्यांचं ऑपरेशन. खोटं इतकं चपखल बसलं की मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनी गाजराचा रस घेऊन आल्या, तोही मी निर्लज्जपणे प्यालो. बायको तेवढी म्हणाली, "भाऊजींना तरी खरं सांगा."

दादा मयूर विहारहून मेट्रोने आला. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मला विदर्भातून दिल्लीला आणून परीक्षांना बसवणारा तोच. पडदे ओढलेल्या खोलीत माझ्या उशाशी बसला. बोलता बोलता म्हणाला, "मीही हल्ली रात्री चार-चारदा उठतो लघवीला. वय झालं यार."

अगदी तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, "शुगर बघून घे. आणि झोपायच्या आधी पाणी कमी पी."

त्याने शुगर बघितली, ती ठीक निघाली. मग पाणी कमी केलं. धाकट्या भावाचा सल्ला त्याने इतक्या इमानदारीने पाळला, हे आठवलं की मला आजही माझं तोंड बघवत नाही.

दीड वर्षाने त्याची कंबर धरली. तपासण्या झाल्या तेव्हा आजार प्रोस्टेटमधून हाडांत पोचला होता. मी त्याच्या शेजारच्याच खुर्चीत होतो. डॉक्टरांनी विचारलं, "फॅमिली में किसी को?"

"नहीं जी, बिल्कुल नहीं," दादा म्हणाला.

मग मी सांगितलं, माझा कॅन्सर, तो प्रकाशाचा उपचार, सगळं. हिंदीत, डॉक्टरांकडे बघून. मराठीत, त्याच्याकडे बघून सांगायची माझी छाती नव्हती.

दादाने डॉक्टरांना विचारलं, "वो लाइट वाला मेरा हो सकता है?"

"वो शुरुआत में होता है," डॉक्टर म्हणाले. "अब गोलियां और इंजेक्शन."

बाहेर बाकावर बसल्यावर त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "माझी कसली लाज रे तुला? लहानपणी तुझं ढुंगण धुतलंय मी." आणि तिथेच मोबाइल काढून त्याने आपल्या मुलाला फोन लावला. त्याला कॅन्सरचं सांगितलं, चाळिशीनंतर तपासणी चुकवू नकोस म्हणाला, शब्द न चोरता, भरल्या कॉरिडॉरमध्ये. दोन माणसं वळून बघायला लागली. दादाने आवाज कमी केला नाही.

या गोष्टीला सात महिने झाले. माझा मुलगा नोएडाला नोकरी करतो, दर रविवारी जेवायला येतो. काकाची तब्येत विचारतो, मी सविस्तर सांगतो. माझं अजून सांगितलेलं नाही.